एक बाटली, उघडलेली, स्वतःसाठी

आजी, आधी शेख मॅडमचं नाव घेते, मग बाकीचं. तुम्हीच म्हणायचात, ज्यानं आपलं काम केलं त्याचं नाव आधी घ्यावं, शेवटी घेऊ म्हटलं की राहून जातं. शेख मॅडम म्हणजे विमानतळावर कस्टमच्या काउंटरला बसतात त्या. तुम्ही त्यांना ओळखता. किती ओळखता ते मला परवा कळलं, आणि तेव्हापासून मी संध्याकाळी बाहेरच्या खोलीतला दिवा जरा लवकरच लावते.

पण परवापासून कपाट गप्प आहे. तेही खरं.

कसं झालं ते पहिल्यापासून सांगते. तुम्हाला माहीत असेलच, तरी सांगते. सांगायचं राहिलं म्हणूनच तर एवढं झालं.

तुमच्याकडे कामाला आले तेव्हा घरात दारूची बाटली उघड्यावर बघून मला घाम फुटला होता. आमच्या किनवटकडच्या गावात बाटली दिसली की मागोमाग आरडाओरडा ठरलेला. इथं विश्रांतवाडीच्या फ्लॅटमध्ये ऐंशी ओलांडलेली एक बाई दिवाबत्ती करायची, देवाला हात जोडायची आणि मग खुर्चीत बसून मला म्हणायची, "शोभे, काढ ती कपाटातली." बाटली उघडण्याआधी तुम्ही अंगठीनं काचेवर दोनदा टकटक करायचात. पहिल्या दिवशी मी विचारलं, हे कशाला? तुम्ही म्हणालात, "आत कोणी असेल तर कळावं, आपण येतोय ते." इतकं गंभीर तोंड करून म्हणालात की मी खरंच वाकून बाटलीत पाहिलं. मग कितीतरी दिवस तुम्ही येईल त्याला ते सांगत होतात.

एक पेग. दुसरा कधी नाही. आणि तोही गॅलरीत, सगळ्या सोसायटीसमोर. खालून लेलेकाका विचारायचे, "काय आजी, औषध घेताय का?" तुम्ही वरून म्हणायचात, "नाही हो, दारू आहे. औषध आत आहे, पाठवू का?" लेलेकाका पुढचे चार दिवस वर बघायचे नाहीत.

तुमचा मुलगा, आपले दादा, दुबईला, म्हणून दर थंडीत आपण दोघी तिकडे जायचो. येताना तुम्ही विमानतळावरच्या दुकानातून एकच बाटली घ्यायचात. पुण्यात उतरलो की सगळे लोक हिरव्या पाटीखालून भराभरा बाहेर पडायचे आणि तुम्ही माझा हात धरून लाल पाटीकडे वळायचात. पहिल्या वेळचं मला अजून जसंच्या तसं आठवतं. काउंटरला एक तरुण साहेब होते.

"आजी, काय आहे?"

"एक बाटली व्हिस्की. सीलबंद. स्वतःसाठी."

"दोन लिटरपर्यंत चालतं, आजी. तिकडनं जा, हिरव्या बाजूनं."

"चालतं ते वाचलंय मी. परवानगी नाही मागत, सांगतेय."

"बरं, सांगितलंत. जा आता."

"लिहून नाही घेत कुठे?"

"नाही."

"मग लक्षात ठेवा," असं म्हणून तुम्ही काउंटरवर अंगठीनं दोनदा टकटक केलंत आणि निघालात. मी मागं मान खाली घालून, ट्रॉली ढकलत. मला वाटत होतं, चालतंय तर मुकाट्यानं जावं ना. खाकी किंवा पांढरा, कुठलाही गणवेश दिसला की माझा घसा बंद होतो.

टॅक्सीत आपलं पहिलं भांडण झालं ते ह्यावरूनच. ते शेवटपर्यंत मिटलं नाही. मी म्हणायची, नियमात बसतंय तर सांगायचं कशाला? तुम्ही म्हणायचात, "हद्द ओलांडताना हातात काय आहे ते तोंडानं सांगावं, शोभे. न सांगितलेली वस्तू मागं मागं येते." मी म्हणायची, मागं कशी येईल, पिशवीत आहे की. तुम्ही खिडकीबाहेर बघत म्हणायचात, "तेच म्हणतेय मी."

तुम्ही विचारायचात, गणवेशाची एवढी भीती का. मी कधी नीट सांगितलं नाही. आता सांगते. सातवीत असताना तपासणीला मोठे साहेब आले होते. त्यांनी मला उभं केलं आणि प्रश्न विचारला. मला उत्तर येत होतं, आजी. अगदी ओठावर होतं. आवाज आला नाही. सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता आणि आवाज आला नाही. दुसऱ्या दिवसापासून मी शाळेत गेले नाही, आणि घरी कोणी विचारलंही नाही. तुम्ही मला पेपरातल्या बातम्या लिहून काढायला लावायचात, लाल पेन घेऊन शेजारी बसायचात, "हे वाक्य आहे की आगगाडी, थांबव कुठंतरी" असं बोलायचात, तेव्हा मला रोज वाटायचं की हे तुम्हाला सांगावं. राहिलं.

ह्या वेळी दुबईला तुम्हाला थंडी फार वाजत होती. तिथं कसली थंडी, पण स्वेटर घालून बसायचात. शेवटच्या त्या संध्याकाळी बाटलीवर टकटक केलंत, पेग घेतलात आणि म्हणालात, "ही बाटली आता पुण्याला न्यायची. संपवायची ती आपल्या गॅलरीत. आणि या वेळी काउंटरवर तू बोलायचंस."

"मी नाही हो, आजी."

"काय बोलायचंय? एक बाटली, उघडलेली, स्वतःसाठी. पाच शब्द पण नाहीत. वचन दे."

मी हसून हातावर हात ठेवला. तुमचा हात इतका गार होता की मी तो दोन्ही हातांत धरून चोळला. सकाळी चहा घेऊन आले तर तुम्ही उठला नाहीत.

तिथंच दहन झालं. अंगठी वहिनींनी काढून कपाटात ठेवली, ती तिकडेच आहे. हे मी मुद्दाम लिहिते, पुढं लागेल. दादांचा पासपोर्ट व्हिसाच्या कामासाठी अडकलेला, त्यांना यायला थोडे दिवस लागणार होते, आणि माझी मुदत संपत होती. दादा म्हणाले, "अस्थी तू घेऊन पुढं हो. तुझ्याकडून आई हरवायची नाही." कागद करून दिले. वहिनी स्वयंपाकघर आवरताना ती बाटली सिंकमध्ये ओतायला निघाल्या. मी म्हटलं, "राहू द्या." त्या घरात मी आपणहून बोललेले ते पहिलेच शब्द. वहिनी बघतच राहिल्या. मी बुचाला चिकटपट्टी गुंडाळली, बाटली तुमच्या स्वेटरमध्ये बांधली आणि मोठ्या बॅगेत कपड्यांच्या मधोमध ठेवली. अस्थींची पिशवी मांडीवर घेतली.

विमानात तुमची खिडकीजवळची सीट रिकामीच होती. तुमचं तिकीट रद्द करायचं कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. रिकाम्या सीटचा पट्टा लावलेला होता. मी लावला नव्हता. साफसफाईवाले लावून ठेवत असतील. जेवण आलं तेव्हा विमानातल्या वाढणाऱ्या मुलीनं दोन ताटं ठेवली. यादीत नाव असेल म्हणून असेल. उतरायच्या वेळी ती पुन्हा आली आणि हिंदीत म्हणाली, तुमच्या आजींना बाथरूममधून लवकर यायला सांगा, विमान खाली येतंय. मी मान हलवली. कोणाला बघून म्हणाली ते विचारायचं धैर्य झालं नाही. दुसऱ्या कोणाची आजी असेल.

बॅग आली. मी लाल पाटीकडे गेले, वचन दिलं होतं म्हणून. काउंटरला शेख मॅडम होत्या. नाव मी छातीवरच्या पट्टीवर वाचलं. त्यांनी विचारलं, "बोला, काय आहे?" आणि आजी, तेच झालं. पाच शब्द पण नाहीत, आणि आवाज आला नाही. मी अस्थींचा कागद पुढं केला. त्यांनी वरवर वाचला आणि उठून उभ्या राहिल्या. "जा ताई," म्हणाल्या. मी वळले तेव्हा मला दिसलं की त्या माझ्या खांद्यावरून मागं कोणाकडे तरी बघत होत्या, आणि ओळखीचं माणूस दिसल्यावर करतो तशी मान हलवत होत्या. मी मागं पाहिलं. कोणी नव्हतं. सहकारी असेल कोणी त्यांचा, असं म्हणून मी बाहेर आले.

नियमानं काही चुकलं नव्हतं. एक अर्धी बाटली. कोणी पकडलं नसतं, कोणी विचारलं नसतं. पण तुम्हाला दिलेला शब्द माझ्या घशात राहिला होता आणि मी घरी आले होते.

बाटली स्वेटरसकट कपाटात ठेवली. त्याच संध्याकाळी देवापाशी दिवा लावला, हात जोडले, आणि कपाटातून आवाज आला. टक, टक. मी म्हटलं, काच निवत असेल. दुसऱ्या दिवशी, दिवा लागला की पुन्हा. टक, टक. मग मी दिवा उशिरा लावून पाहिला. आवाजही उशिरा आला. दादा आल्यावर त्यांनीही एकदा ऐकला. "उंदीर झालेत का गं?" म्हणाले. मी हो म्हटलं. दादांनी पिंजरा आणला. पिंजऱ्यात काही आलं नाही.

दहाव्याला घाटावर गेलो. पिंड मांडले. कावळे होते, आजी, भरपूर होते. शेजारच्या लोकांच्या पिंडाला पान ठेवल्या ठेवल्या शिवले. आपल्याकडे एकही येईना. येऊन भिंतीवर ओळीनं बसायचे आणि बघायचे. दादा हात जोडून म्हणाले, आई, फ्लॅट एवढ्यात विकणार नाही. कावळे हलले नाहीत. वहिनी म्हणाल्या, तुमची लाल पैठणी कोणाला देणार नाही, मीच नेसेन. नाही. लेलेकाका आले होते, ते पुढं होऊन म्हणाले, "आजी, मी औषध म्हणायचो ते चुकलंच माझं." त्यावर भिंतीवरचा एक कावळा एवढा ओरडला की मला वाटलं, तुम्ही हसलात. पण खाली नाही उतरला.

गुरुजींनी घड्याळ पाहिलं. "दर्भाचा करू या का कावळा? पुढची मंडळी थांबलीत." दादा रडत होते, हो म्हणाले. गुरुजींनी दर्भाला गाठ मारली, पिंडाला लावली, झालं. सगळ्यांनी पाया पडून घेतलं. मला माहीत होतं काय राहिलंय, पण तिथं पुरुषमंडळींत, गुरुजींसमोर मी काय बोलणार? बाटलीचं? पुन्हा तोंड उघडलं नाही. ओळीनं बसलेल्या त्या कावळ्यांपैकी एक वळून फक्त माझ्याकडे बघत होता.

दादा-वहिनी परत गेले. "घराचं बघू नंतर, तोवर तू राहा," म्हणाले. मी, रिकामी खुर्ची आणि ते कपाट. त्या संध्याकाळी मी दिवाच लावला नाही. अंधार झाला तशी बसून राहिले, म्हटलं आता बघू. आवाज आला नाही. हायसं वाटलं. मग गॅलरीतून, तुमच्या खुर्चीजवळच्या लोखंडी कठड्यावर, टक, टक. स्वयंपाकघराच्या दारावर, टक, टक. आणि मग माझ्या अगदी मागं, भिंतीवर.

मला तुमची भीती नाही वाटली, आजी. खरं सांगते. तुम्ही माझं काय वाईट कराल? मला भीती वाटली ती ह्याची, की मी कधीच बोलले नाही तर तुम्ही अशाच घरभर फिरत राहाल, दारं वाजवत, माझ्यामुळं. दमाल.

परवा बाटली पिशवीत घातली आणि रिक्षानं विमानतळावर गेले. लोक बाहेर येतात त्या दारापाशी खाकीतला जवान होता. आत जायला निघाले तर काठी आडवी.

"कुठं?"

"कस्टमच्या शेख मॅडमना भेटायचंय."

"काम काय?"

मी पिशवी घट्ट धरली. "मी दुबईहून बाटली आणली होती. ती सांगायची राहिली."

त्यानं पिशवीकडे पाहिलं. "कधी आणली?"

"झाले दिवस. सांगायची राहिली ना."

"बाई, आणली, बाहेर आली, संपलं. आता इथं सांगून काय करणार? घरी जा."

"नाही. सांगूनच जाईन."

मी असं म्हटलं ह्याचं मलाच नवल वाटलं. तो वैतागला, मग हसला, मग फोनवर कोणाशी तरी बोलला. "एक बाई आलीय, कुठल्या आजींची बाटली म्हणतेय." आणि पलीकडून काय उत्तर आलं कोण जाणे, त्याचं हसू गेलं. "थांबा इथं. मॅडम स्वतः येतायत."

शेख मॅडम ड्यूटी संपवून आल्या. मला बघून जरा लांबच थांबल्या. चेहरा उतरलेला होता. म्हणाल्या, "तुम्ही अस्थी घेऊन आला होतात."

मी मान हलवली आणि बोलले. त्या म्हणाल्या, "ऐकू आलं नाही. पुन्हा सांगा." अगदी तुमच्यासारखं, आजी. लाल पेन घेऊन बसल्यासारखं. मी पिशवीतून बाटली वर काढली. येणारे-जाणारे बघत होते, टॅक्सीवाले बघत होते, तो जवान बघत होता.

"एक बाटली. उघडलेली. स्वतःसाठी."

आला आवाज. मोठा आला. मॅडमनी डोळे मिटले आणि उघडले. "ठीक आहे," म्हणाल्या. "नोंद घेतली." मग बाजूच्या बाकावर बसल्या आणि मलाही बसवलं. "आता माझं ऐका. तुम्हाला सांगू की नको, रोज विचार करत होते."

त्या काय म्हणाल्या ते त्यांच्याच शब्दांत लिहिते. "त्या दिवशी तुमच्या मागं आजी उभ्या होत्या. आमच्या नेहमीच्या. आम्ही त्यांना 'सांगणाऱ्या आजी' म्हणतो. स्वेटर घातलेला. तुम्ही वळलात आणि त्या काउंटरजवळ आल्या, म्हणाल्या, 'एक बाटली आहे, उघडलेली. ती घाबरते, बोलायची नाही. पण येईल. ती आली की ऐकून घ्या.' काउंटरवर दोनदा टकटक केलं आणि गेल्या. मी मान हलवली. रोजचंच वाटलं. नंतर डोळ्यांपुढं तुमचा कागद आला, त्यावरचं नाव आलं."

मी म्हटलं, "मॅडम, मागच्या वर्षीचं आठवत असेल. आजी दर वर्षी यायच्या."

"मलाही तसंच वाटावं असं वाटत होतं," त्या म्हणाल्या. "पण दर वर्षी त्या 'सीलबंद' म्हणायच्या."

उघडलेली बाटली आपण ह्याच वेळी आणली, आजी. ते मला, दादांना आणि वहिनींना सोडून कोणाला माहीत नव्हतं. आणि अंगठी दुबईला कपाटात आहे.

"मी घाबरले," मॅडम म्हणाल्या. "काउंटर बदलून मागितला. घरी अम्मीला सांगितलं. अम्मी म्हणाली, वेडी आहेस का, निरोप तुझ्याकडे दिलाय ना, मग तिथंच बस. म्हणून बसले होते. तुम्ही येईपर्यंत."

अंधार पडत होता. त्या म्हणाल्या, "कुठं राहता? चला, सोडते." त्यांना कोंढव्याला जायचं, एकदम उलट दिशेला, तरी सोडायला आल्या. दारूच्या वासाला सुद्धा मी उभी राहत नाही, असं म्हणत त्यांनीच पिशवी स्कूटीच्या हुकाला नीट अडकवली, हिंदकळू नये म्हणून. सीटवर बसताना मी मागं सरकून मधे जागा सोडली. त्यांनी आरशात बघितलं आणि त्याही थोड्या पुढं सरकल्या. सगळ्या रस्त्यानं हळू चालवली, म्हातारं माणूस मागं बसलेलं असलं की चालवतात तशी.

घरी येऊन दिवा लावला. कपाट गप्प. बाटलीवर मी बोटानं दोनदा टकटक केलं, कारण अंगठी नाही. गॅलरीत तुमच्या खुर्चीसमोर एक पेग ओतून ठेवला, पाणी तुम्ही दाखवायचात तेवढंच. शेजारी वाटीत दहीभात. सकाळी पाहिलं तर ग्लास होता तसाच भरलेला होता. आयुष्यात पहिल्यांदा एखादी गोष्ट कमी झाली नाही म्हणून मला रडू आलं. वाटीपाशी एक कावळा बसून निवांत भात खात होता. माझ्याकडे त्यानं बघितलंसुद्धा नाही.

दारू तुळशीत नाही ओतली, तुम्ही रागावला असतात. खाली लेलेकाकांना नेऊन दिली. "हे काय?" म्हणाले. मी म्हटलं, "औषध नाहीये." त्यांनी दोन्ही हातांनी घेतला ग्लास.

आता घर खूप शांत आहे, आजी. मला वाटलं होतं बरं वाटेल. वाटतंही. पण काल दिवा लावल्यावर मी कपाटाजवळ जरा वेळ उभी राहिले, उगीच.

स्कूटीवरून उतरताना शेख मॅडम म्हणाल्या होत्या, त्यांची अम्मी दिवसभर एकटी असते आणि संध्याकाळ झाली की बोलायचं बंद करते. कोरा चहा घेते आणि दाराकडे बघत बसते. त्या सहज म्हणाल्या, माझ्याकडून काही मागितलं नाही. पण तुमच्या साक्षीनं सांगते. ह्या घराचं दादा जे ठरवतील ते ठरवोत, एक दिवस मी कोंढव्याला जाईन. त्यांच्या अम्मीच्या शेजारी बसेन, कोरा चहा करून देईन, कपावर आधी दोनदा टकटक करेन आणि का ते तिला सांगेन. आणि तिला कुठल्या दारात, कुठल्या काउंटरवर काही सांगायचं असेल आणि आवाज येत नसेल, तर तिच्या वतीनं मी बोलेन. मोठ्यानं. ऐकू जाईल असं.